कॅलगरीच्या थंडीत भरभरून फुलणारी हंगामी फुलझाडं सुचवा

अबोली_वाफा: नमस्कार मंडळी. हिवाळ्यात पुण्याहून कॅनडात, कॅलगरीला आलोय. घरापुढे दिवसभर उन्हाचा छोटा वाफा आहे, मागे सावलीतला डेक. एका मोसमात भरपूर फुलं देईल असं काय लावू? शेजारचे म्हणतात मेअखेरीपर्यंत कशालाच हात लावू नका. खरंच एवढं थांबायचं? आणि दसऱ्याला घरचा झेंडू हवाच आहे.

मातीतले_हात: अबोलीताई, सगळ्यांसाठी नका थांबू. व्हिक्टोरिया डेचा लाँग वीकेंड, म्हणजे २५ मेच्या आधीचा सोमवार, ही इथल्या लावणीची खूण. पण ती झेंडू, झिनिया, कॉसमॉस यांच्यासाठी. पॅन्सी, स्नॅपड्रॅगन, एलिसम हलकं दंव (रात्री गोठणारं) सोसतात, मेच्या सुरुवातीलाच लावा. फक्त आधी आठ-दहा दिवस रोपांना बाहेरची सवय करा: सुरुवातीला तासभर सावलीत, मग थोडं थोडं ऊन, रात्री आत. नर्सरीच्या काचघरातलं रोप थेट वाफ्यात गेलं की पानं पांढरी पडतात.

एकच निवडायचं तर मी डोळे झाकून स्नॅपड्रॅगन घेईन. रोप वीतभर व्हायच्या आत शेंडा खुडा. पहिला तुरा संपत आला की पानांच्या जोडीच्या वर कापा, बगलेतून नवे फुटवे येतात. सप्टेंबरात दंव पडलं की सकाळी हे तुरे माना टाकून असतात, ऊन चढलं की परत उभे! कॅलेंड्युलाचं बी मात्र मेमध्ये सरळ वाफ्यातच टाका.

गारवा२१: गारांचा विचार करूनच निवडा. ऑगस्ट २०२४ मध्ये इथे विमानतळाच्या टर्मिनलचंही नुकसान झालं होतं, फुलांचं काय सांगू. मोठ्या फुलांच्या पिटुनियाच्या चिंध्या होतात. बारीक फुलांचा पसरणारा पिटुनिया घ्या, मार बसला तर निम्मा छाटून खत-पाणी द्या, पुन्हा भरतो. एलिसम तर काही झालंच नाही असं वागतं.

डेकवर बेगोनिया आणि लोबेलिया. लोबेलियाला गारवा आवडतो, पण कुंडी सुकू द्यायची नाही. इम्पेशन्सही चालेल, तो आपल्या तेरड्याचाच भाऊबंद.

झेंडूवेल्हाळ: झेंडूचं मी सांगते. आपला हाराचा मोठा गोंडा दिवस लहान असले की लवकर कळ्या धरतो, आणि इथे जूनमध्ये साडेसोळा तास उजेड. म्हणून बाहेर पेरलेला गोंडा नुसता पाल्यावर जातो. मार्चअखेर घरात, खिडकीशी पेरा. बुटक्या फ्रेंच झेंडूला दिवसाच्या लांबीचं फारसं काही नाही, तो जुलैपासून फुलत राहतो. दोन्ही लावा.

खरी अडचण दंवाची. पहिलं दंव सप्टेंबरच्या मध्यालाच येतं आणि दसरा बहुधा ऑक्टोबरात. म्हणून दसऱ्याचा झेंडू कुंडीतच हवा. रात्री पारा शून्याकडे निघाला की कुंड्या गॅरेजमध्ये, सकाळी परत उन्हात.

अबोली_वाफा: खूप आभार! गॅरेज नाहीये हो आमच्याकडे. मग?

झेंडूवेल्हाळ: मग दंवाच्या आदल्या संध्याकाळी पूर्ण उमललेली फुलं देठासकट खुडा, कोरडी करून डब्यात, फ्रीजमध्ये. आठवडाभर छान राहतात. दसरा त्याहून लांब असला तर एक-दोन कुंड्या घरातच खिडकीत घ्या, तोरणापुरती फुलं मिळतील.