मदत हवी आहे: इंग्रजी शब्द पाठ होतात, वाक्यात आले की अडतात

नमस्कार मंडळी. मी अमळनेरचा, बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय. रोज वहीत 20 इंग्रजी शब्द अर्थासह लिहितो, आठवड्यात निम्मे उडून जातात. उरतात तेही दगा देतात. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी, हे डोक्यात पक्कं, कारण काकांचं पीककर्ज सँक्शन झालं की घरात पेढे येतात. मग पेपरात वाचलं, अमेरिकेने इराणवर सँक्शन्स लादले. म्हटलं, मंजुरी लादतात कशी? तर तिथे अर्थ निर्बंध! 'ओव्हरसाइट'चंही तेच, कुठे देखरेख तर कुठे नजरचूक.

आमची वहिनी लातूरची. अहिराणीत 'आंडेर' म्हणजे मुलगी, हे तिला कुणी शिकवलं नाही, सासूचं बोलणं ऐकून कळलं. इंग्रजीचं असं कसं जमवायचं? घरात बोलणारं कुणी नाही. अग्रलेख वाचतो, पण एका परिच्छेदात सात-आठ शब्द अडले की संदर्भच हातातून सुटतो. दर शब्दाला थांबून डिक्शनरी बघायची, की अंदाजाने पुढे जायचं? वहीत सुटा शब्द लिहावा की अख्खं वाक्य?

ज्यांनी स्वतः करून बघितलंय त्यांनी सांगा. क्लासची जाहिरात नको, प्लीज.