बीएमआय आणि कंबरेचे माप

मधुमेह असला तरी 'बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २३च्या आत आहे, म्हणून वजनाचा विचार सोडून केवळ रक्तातली साखर सांभाळावी' असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. यकृतात साठलेली चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते, त्यामुळे उपाशीपोटीची साखर चढी राहते, आणि वजनकाट्याला याचा पत्ताही नसतो. म्हणून भारतीयांनी कंबर मोजावी. पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. माप टेपने, बरगडीचा खालचा कड आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध घ्यावे, कारण पँटचा पट्टा बहुतेकांच्या पोटाखाली असतो आणि तो आकडा फारच सुखावह येतो.

मात्र ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असताना जेवण एकदम कमी केल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, तेव्हा गोळीच्या मात्रेबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलावे.