मदत हवी आहे: आप्पांची रोजच एकादशी

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातून लिहितोय. आप्पा ७८ वर्षांचे, जुने माळकरी. दोन वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं निदान झालं. नातवाचं नाव आठवत नाही, पण हरिपाठ लावला की एक चरण चुकत नाहीत. तरुणपणी घोकलेलं, चालीत बसलेलं बरेचदा उशिरापर्यंत टिकतं म्हणे.

अडचण एकादशीची. महिन्यात दोन येतात, आप्पांची रोज असते. भाकरीचं ताट आलं की हात जोडून मागे सारतात. शुगरची गोळी चालू आहे. गेल्या आठवड्यात गोळी घेतली, जेवले नाहीत, आणि दुपारी घामाने डबडबून थरथरत बसले. साखरपाणी पाजल्यावर सावरले. (गोळीचं डॉक्टरांशी बोललोय, तो सल्ला नको.)

आता आई "अहो, आज बारस, पारणं फेडा" म्हणत ताटात तुळशीचं पान ठेवते. मग मुकाट जेवतात. पण माळकऱ्याला खोटं सांगून जेवू घालायचं, मला ते फार लागतं. तुमच्यापैकी कुणी असं केलंय का? खऱ्या एकादशीला काय देता? साबुदाण्याने शुगर चढते, वरी तरी चालते का?

आणखी एक. स्मरणशक्तीची तपासणी कन्नडमधून झाली. आप्पा मराठी शाळेत सातवी शिकलेले, निम्मे प्रश्नच कळले नाहीत. बेळगावात किंवा धारवाडच्या डिमहान्समध्ये (मेंदू-मनाच्या आजारांची सरकारी संस्था) मराठीतून तपासणारं कुणी माहीत असेल तर सांगा.