सुट्टी, मुलं आणि डास: अनुभव हवेत

प्रेषक: जुळ्यांची आई
विषय: सुट्टी, मुलं आणि डास: अनुभव हवेत

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आम्ही चौघं दहा दिवस समुद्रकिनारी, उष्ण हवेच्या ठिकाणी जातोय. तिकिटं झाली, राहायची सोय झाली, आता झोप उडाली आहे ती डासांच्या काळजीने. चावायच्या आधीच जागवलंय मेल्यांनी.

गेल्या वर्षीचं सांगते. रोज संध्याकाळी पाचला दोन्ही मुलांना नखशिखांत डासांचं औषध चोपडायचे. लांब बाह्यांचे कपडे, खिडक्या बंद, सगळं शिस्तीत. तरी तिसऱ्या दिवशी लेकीच्या घोट्यांवर आणि पोटऱ्यांवर टपोऱ्या गांधी. एक पाऊल इतकं सुजलं की सँडल चढेना. खाजवून खाजवून रक्त काढलं तिने. तिचा भाऊ त्याच पलंगावर झोपलेला, त्याला दोन ठिपके, तेही दुसऱ्या दिवशी गायब! मी स्वतः डासांतच वाढले, पण असं काही झाल्याचं आठवत नाही.

तर प्रश्न असे: माझं चुकलं कुठे? पाच वर्षांच्या मुलांना नेमकं काय लावायचं? आणि रात्री दोन वाजता ‘आई, खाजतंय’ अशी हाक आली की काय करायचं?

जुळ्यांची आई

•••

प्रेषक: खजिनदारकाका
विषय: उत्तर: सुट्टी, मुलं आणि डास

स.न.वि.वि.

ताई, आमच्या तीन परदेशी सहलींचा अनुभव नमूद करतो. निघण्याच्या पंधरा दिवस आधीपासून रोज लसूण आणि बी-१ जीवनसत्त्वाची गोळी. मनगटात डास पळवणारा पट्टा. मोबाइलवर माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारं ॲप. तीन सहलींत मला एकही डास चावला नाही.

(आमची ही म्हणते की ते सगळे तिला चावत होते म्हणून. तिच्याकडे लक्ष देऊ नका.)

आपला,
खजिनदारकाका

•••

प्रेषक: डॉक्टरताई
विषय: उत्तर: उत्तर: सुट्टी, मुलं आणि डास

काका, मी काकूंकडेच लक्ष देणार. लसूण, बी-१, मनगटी पट्टे आणि आवाजाची ॲप, या चौघांचीही परीक्षा झालेली आहे आणि चौघं नापास झाले आहेत. शेजारी डासांना जास्त आवडणारं माणूस बसलं असेल तर आपलं आपोआप निभावतं. तुमचा पट्टा म्हणजे काकू.

आता ताईंचं. चुकलं असेल तर ते वेळेत. डास म्हणजे रात्रीचा, ही समजूत आपल्या अंगात भिनली आहे, कारण कानाशी गुणगुण रात्री ऐकू येते. मलेरियाचा ॲनोफिलिस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, हे खरं. क्युलेक्स जातीचा डासही रात्रीचाच. पण पायावर पांढरे पट्टे असलेला एडिस, जो डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका पसरवतो, तो दिवसाढवळ्या चावतो. सकाळी उजाडल्यावर दोन-तीन तास आणि दुपार कलल्यापासून अंधार पडेपर्यंत त्याचा जोर जास्त. उडतो खाली, आवाज फारसा जाणवत नाही, म्हणून घोटे आणि पोटऱ्या. मुलीला कुठे चावले ते तुम्हीच लिहिलंय. तुम्ही पाचला औषध लावायला घ्यायचात तेव्हा त्यांचा निम्मा दिवस भरलेला असायचा.

आणि हे फक्त विषुववृत्ताजवळ घडतं असं नाही. एडिसचा एक भाऊबंद, ज्याला टायगर मॉस्किटो म्हणतात, तो १९७९ मध्ये अल्बेनियात आणि १९९० मध्ये इटलीत सापडला. त्याची अंडी जुन्या टायरांच्या व्यापारातून समुद्र ओलांडतात, कारण ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. २००७ मध्ये भारतातून आलेल्या एका आजारी पाहुण्यामुळे इटलीच्या उत्तर भागात चिकुनगुन्याची साथ आली, ती याच डासाने पसरवली.

जुळ्यांबद्दल: एकच पलंग आणि दोन निकाल, यात काही नवल नाही. चावणारी फक्त मादी. अंडी घालण्यासाठी तिला रक्तातली प्रथिनं लागतात. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड ती दुरून हेरते, जवळ आल्यावर अंगाची ऊब आणि कातडीचा वास. हा वास बराचसा उपजत असतो. २०१५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी जुळ्यांचे हात डासांपुढे धरून पाहिले. एकसारख्या जुळ्यांचं डासांना असलेलं आकर्षण एकमेकांशी जुळलं, वेगळ्या चेहऱ्याच्या जुळ्यांचं तितकंसं नाही. तुमची जोडी दुसऱ्या प्रकारची, म्हणजे या बाबतीत साध्या भावंडांसारखीच.

शिवाय चावणं वेगळं आणि सुजणं वेगळं. गांध उठते ती डासाच्या लाळेला शरीराने दिलेल्या उत्तरामुळे. केनेथ मेलॅनबी नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये या उत्तराच्या पायऱ्या मांडल्या: अगदी पहिल्यांदा चावल्यावर काहीच होत नाही, मग उशिरा उठणारी गाठ, मग लगेचची गांध आणि नंतरची गाठ दोन्ही, मग फक्त लगेचची, आणि वर्षानुवर्षं चावून घेतल्यावर पुन्हा काहीच नाही. तुम्ही लहानपणीच शेवटच्या पायऱ्यांवर पोचला असाल. लेक मधल्या पायरीवर आहे, म्हणून तिचं पाऊल सुजतं. तिला दोष देऊ नका आणि ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हेही ऐकवू नका. तुमच्या वेळीही होतं. तेव्हा तुम्ही दोन वर्षांच्या असाल, आठवणार कुठून?

औषधाचं उद्या लिहिते, ओपीडी आहे.

डॉक्टरताई

•••

प्रेषक: सायकलवाला
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: सुट्टी, मुलं आणि डास

ताई उद्या लिहितीलच, तोवर माझा एक इशारा. डीट (डासांच्या बऱ्याच औषधांतलं मुख्य द्रव्य) लावलेल्या हाताने प्लास्टिकला हात लावू नका. माझ्या घड्याळाचा पट्टा चिकट झाला आणि गॉगलच्या काचेवर कायमचे बोटांचे ठसे उमटले. डीट काही प्लास्टिक आणि कृत्रिम धागे विरघळवतं. तेव्हापासून मी पिकारिडिन वापरतो (काही देशांत बाटलीवर इकारिडिन लिहिलेलं असतं). वास जवळजवळ नाही, चिकटपणा कमी.

दुसरं, कपडे. मी सहलीचे मोजे आणि पँट परमेथ्रिन या कीटकनाशकाने आधीच भिजवून वाळवून ठेवतो. ०.५ टक्क्याचा फवारा मिळतो, तो कपड्यांसाठीच. अंगाला लावायचा नाही. बऱ्याच धुण्यांपर्यंत टिकतो. घरात मांजर असेल तर कपडे पूर्ण वाळेपर्यंत तिला त्या खोलीत येऊ देऊ नका, मांजरांना ते विषारी असतं.

आणि घट्ट लेगिंग घालू नका. डास तिच्यातूनही चावतो. ढगळ कपडा बरा.

•••

प्रेषक: आजी (नातवाच्या हातून)
विषय: पंख्याचं कुणीच लिहिलं नाही

मी सांगते आहे आणि हा टंकतो आहे, चुका त्याच्या.

तुमची सगळी औषधं बरोबर असतील, पण पंखा कसा विसरलात? डासाला वाऱ्यात उडता येत नाही, त्याचं वजन ते किती! बाहेर बसायचं तर टेबलफॅन पायांच्या दिशेने लावायचा, डोक्याच्या नव्हे. आपला श्वासही वाऱ्याने विखुरतो, त्याला माग लागत नाही. (हे शेवटचं वाक्य डॉक्टरताईंच्या मेलवरून, आजीला मी वाचून दाखवलं. –नातू)

मच्छरदाणी लावली म्हणजे झालं असं नाही. ती गादीखाली खोचायची. आणि खोचायच्या आधी आत बघायचं. एक डास आत राहिला तर मच्छरदाणी म्हणजे त्याचं जेवणाचं ताट. मुलांचा हातपाय जाळीला टेकला तरी बाहेरून चावतो, म्हणून लहानांना मधे झोपवायचं.

मुक्कामाला पोचल्यावर चहाआधी एक फेरी मारायची. कुंड्यांखालच्या बशा, बादली, अंगणातलं खेळणं, जिथे पाणी साचलंय ते ओतून टाकायचं. अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणजे तुमच्या सुट्टीतच ते पंख फुटून तुमच्याकडे येणार.

•••

प्रेषक: जुळ्यांची आई
विषय: उत्तर: पंख्याचं कुणीच लिहिलं नाही

आजी, नमस्कार! टेबलफॅनचं डोक्यातच आलं नव्हतं.

डॉक्टरताई, आणखी शंका. मुलांना दिवसभर ऊन लागणार, म्हणजे सनस्क्रीनही हवंच. आधी कोणतं? दोन्ही एकत्र असलेली क्रीम मिळते ती घेऊ का? घरात निलगिरीच्या तेलाची बाटली आहे, नैसर्गिक म्हणून ती चालेल का? आणि एका मैत्रिणीने फोनवर सांगितलं की चमचा गरम पाण्यात बुडवून गांधीवर टेकवायचा, खाज जाते. खरं?

•••

प्रेषक: डॉक्टरताई
विषय: उत्तर: उत्तर: पंख्याचं कुणीच लिहिलं नाही

आजींना पूर्ण गुण.

आधी सनस्क्रीन, ते मुरू द्या, मग वरून डासांचं औषध. डीट लावल्यावर सनस्क्रीनचा जोर साधारण एक तृतीयांशाने उतरतो, म्हणून जरा वरच्या एसपीएफचं घ्या. दोन्ही एकत्र असलेली क्रीम नको. सनस्क्रीन दर दोन तासांनी लावावं लागतं, डासांचं औषध तितक्यांदा लावायचं नसतं. एकाच ट्यूबमध्ये दोघांची कुचंबणा होते.

पाच वर्षांच्या मुलांना २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिन, दोन्ही चालतात. टक्का म्हणजे कडकपणा असं लोकांना वाटतं. खरं तर तो मुख्यतः किती तास टिकेल ते सांगतो: १० टक्के डीट दोनेक तास, ३० टक्के पाचेक तास. पन्नासच्या वर गेल्याने वेळ फारसा वाढत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला काहीही लावू नका, बाबागाडीवर कडेला इलॅस्टिक असलेली जाळी घाला. मुलांच्या तोंडावर फवारा मारायचा नाही, आपल्या तळहातावर घेऊन लावायचा. त्यांच्या हातांना लावूच नका, हात तोंडात जातात. कपड्याखालच्या अंगालाही नको. पोहून आल्यावर पुन्हा लावा आणि झोपण्याआधी साबणाने धुऊन टाका. कान, घोटे आणि मानेची मागची बाजू या तीन जागा प्रत्येक आई विसरते, मीसुद्धा.

निलगिरी तेलाची बाटली घरीच ठेवा. ‘लेमन युकॅलिप्टस तेल’ नावाचं जे औषध डासांवर चालतं ते वेगळ्या झाडाचं, त्यातलं पीएमडी हे द्रव्य वाढवून केलेलं असतं. तेही तीन वर्षांच्या आतल्यांना नाही. साधं निलगिरी तेल मुलांच्या अंगावर चोळून कातडी चुरचुरेल, डास मात्र येतील.

चमचा नको! मैत्रिणीचं अगदीच चूक नाही. पन्नास अंशांच्या आसपासची उष्णता काही सेकंद लावणारी छोटी यंत्रं असतात आणि मोठ्यांची खाज त्याने कमी होते. पण चमच्याचं तापमान कोण मोजणार? रात्री दोनला पेंगुळलेली आई? डासापेक्षा भाजलेलं जास्त दिवस पुरेल.

त्या दोनच्या हाकेचं असं करा. साबण-पाण्याने धुवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरा. खाज बरीचशी इथेच बसते. मग कॅलामाइन, किंवा १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन मलम पातळसं, दोन-चार दिवस, कातडी सोललेली नसेल तिथेच. खायचा सोडा पाण्यात कालवून दहा मिनिटं लावला तरी चालतं. लिंबू मात्र चोळू नका: लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की फोड येतात आणि काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत. लेक इतकी सुजते तर सेटिरिझिनसारखं ॲलर्जीचं औषध निघण्याआधीच तिच्या डॉक्टरांकडून मात्रेसह लिहून घ्या. आणि विमानात बसण्यापूर्वी तिची नखं कापा. सगळ्या मलमांपेक्षा याचा उपयोग मोठा, कारण जखम चिघळते ती नखांमुळे.

लाली दोन दिवसांनंतरही पसरत राहिली, जागा गरम लागली, पू किंवा वर चढणारी लाल रेघ दिसली, तर डॉक्टर गाठा. ताप आला तर वेगळाच विचार. तिथे किंवा परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर कुठे जाऊन आलात ते पहिल्या वाक्यात सांगा. डेंग्यू साधारण ४ ते १० दिवसांत दिसतो, मलेरिया कधीकधी महिन्यांनीसुद्धा. तोवर तापाला पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन नको, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तुम्ही जाताय तिथे मलेरिया आहे का, हे प्रवासाच्या दवाखान्यात चार ते सहा आठवडे आधी विचारायचं असतं, म्हणजे तुम्ही आजच.

•••

प्रेषक: मेल-यादीचा राखणदार
विषय: एक विनंती

होमिओपॅथीवरचे सात मेल मी थांबवले आहेत. वाद वेगळ्या विषयाखाली घालावा. या विषयात डास राहू द्या.

•••

प्रेषक: जुळ्यांची आई
विषय: उत्तर: सुट्टी, मुलं आणि डास (परतलो!)

मंडळी,

परवा आलो. हिशेब देते. लेकीला सहा, लेकाला एक, नवऱ्याला मोजले नाहीत कारण तो ‘मला काही होत नाही’ म्हणत उघड्या पायांनी नाश्त्याला बसायचा.

सकाळी दात घासल्यावर सनस्क्रीन, कपडे, मग पिकारिडिन, असा क्रम लावला. पहिले दोन दिवस रडारड, तिसऱ्या दिवसापासून लेक स्वतःच ‘घोटे राहिले’ म्हणून पाय पुढे करायची. तिचे सहापैकी चार एकाच सकाळी चावले. त्या दिवशी आम्ही उशिरा उठलो आणि ‘आल्यावर लावू’ म्हणून तसेच बागेत गेलो. वीस मिनिटं पुरली.

या वेळी सूज सुपारीएवढी, सँडल चढली. बर्फ आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध. रात्रीची हाक एकदाच आली, तीही पाण्यासाठी.

आजी, मुक्कामी मागच्या दारी तीन बशा आणि एक फुटकी बादली होती. चारही ओतल्या. बादलीत अळ्या वळवळत होत्या, ओतायच्या आधी मुलांनी अर्धा तास त्या बघितल्या.

काका, काकूंना माझा विशेष नमस्कार सांगा.

पिकारिडिनची पाऊण बाटली उरली आहे, मुदत पुढच्या वर्षापर्यंत. कुणी निघालं असेल तर कळवा, रविवारच्या बैठकीला घेऊन येते.

जुळ्यांची आई