अंकमालिका सुटली नाही म्हणजे लॉजिक शून्य? अजिबात पटत नाही

रात्रपाळी: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय. "ज्याला अंकमालिका सुटत नाही त्याचं लॉजिक शून्य, त्याने स्पर्धा परीक्षेच्या नादी लागू नये" म्हणे. मग हे सोडवा: 2, 3, 5, 8, ? पर्यायांत 12 पण आणि 13 पण. फरक 1, 2, 3 वाढतोय म्हणून 12, मागच्या दोघांची बेरीज म्हणून 13, दोन्ही बरोबर. माझ्या पेपरात हेच आलेलं, मी 12 केलं, उत्तरतालिकेत 13, हरकत घेतली तर "उत्तर कायम", संपलं. अजून एक आकडा दिला असता तर भांडणच नव्हतं!

गणितमास्तर: पोस्ट माझीच आहे आणि शब्द मागे घेणार नाही. मुलं मालिका दिसली की नुसती बघत बसतात. अरे आधी फरक काढ, मग फरकांचा फरक, नाही जमलं तर गुणाकार, वर्ग, घन. आकडे वरखाली उड्या मारतायत तर एक सोडून एक वाच. 3, 10, 6, 20, 12, 40 मध्ये दोन मालिका गुंफल्यात, पुढे 24. अर्धं मिनिट लागत नाही.

जीवा_आणि_कंस: सर, ही पाठ केलेल्या युक्त्यांची परीक्षा झाली, लॉजिक कुठे आलं? 1, 2, 4, 8, 16 नंतर तुम्ही डोळे झाकून 32 लिहाल. वर्तुळावर बिंदू घ्या, प्रत्येक दोन बिंदू जोडा आणि तुकडे मोजा. पाच बिंदूंपर्यंत हेच आकडे येतात, सहाव्याला जास्तीत जास्त 31. कागदावर काढून बघा.

गणितमास्तर: परीक्षेत वर्तुळ कोणी विचारलंय? सगळ्यात सोपा नियम शोधायचा, एवढं सगळ्यांना कळतं.

रात्रपाळी: 12 चा नियम 13 पेक्षा अवघड कसा ते सांगा ना मग!

कटऑफग्रस्त: ते राहू द्या, खरा अन्याय निगेटिव्ह मार्किंगचा आहे. असल्या प्रश्नावर पाव मार्क कापतात म्हणून मी शंका आली की सोडूनच देतो.

जीवा_आणि_कंस: अहो सोडता कशाला! चार पर्याय, चुकीला पाव मार्क. असे 16 प्रश्न आंधळेपणाने मारले तर सरासरी 4 बरोबर, 12 चूक, म्हणजे 4 वजा 3, एक मार्क वरच. दोन पर्याय उडवता आले तर अजून फायदा. एक तृतीयांश कापत असतील तर मात्र आंधळ्या ठोक्यात हाती शून्य.

कटऑफग्रस्त: सरासरी तुमच्या कागदावर. माझा मित्र असेच ठोकत गेला आणि थोडक्यात राहिला, त्याच्या घरच्यांना ही सरासरी समजावून सांगा.

जीवा_आणि_कंस: वाईट वाटलं, पण एकाच्या अनुभवावरून सगळ्यांना प्रश्न सोडायला सांगू नका, नुकसान होतं लोकांचं.

कटऑफग्रस्त: मी कोणाला काही सांगितलं नाही, माझं सांगितलं. आवाज खाली.

गणितमास्तर: मूळ विषयावर या. 2, 3, 5, 8 मध्ये 12 आणि 13 दोन्ही पर्याय देणारा पेपर-सेटर चुकला, हे मान्य. तो प्रश्न रद्दच व्हायला हवा होता. बाकी माझं म्हणणं तेच.

रात्रपाळी: "लॉजिक शून्य" तेवढं काढा पोस्टमधून, मग बाकीचं बोलू.