आजींची धाप: दमा की हृदय?

प्रश्न (मेडिकल ऑफिसर, ग्रामीण रुग्णालय)
परवा रात्री अडीचला ७४ वर्षांच्या आजींना जीपमधून आणलं. दोन्ही हात कॉटवर टेकून बसलेल्या, आडवं व्हायला तयार नाहीत, एक वाक्य पुरं होत नव्हतं. ऑक्सिजन ८४, बीपी १९०/११०, छातीभर शिट्ट्या. जन्म चुलीपुढे गेलेला, म्हणून मी दमाच धरून चालले. ऑक्सिजन लावून दोनदा नेब्युलायझर दिलं, काडीचा फरक नाही. पुन्हा पाठीला स्टेथो लावला तेव्हा खाली बुडबुडे ऐकू आले. लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं) आणि नायट्रोग्लिसरीन (रक्तवाहिन्या सैल करणारं) यांवर तासाभरात आजी बोलू लागल्या. पण वाया गेलेला तो अर्धा तास डोक्यातून जात नाहीये. इथे बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) होत नाही, सोनोग्राफीची खोली रात्री बंद. पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही काय बघता?

उत्तर (फिजिशियन)
अगं, शिट्ट्यांवर विसंबू नकोस. फुफ्फुसात पाणी साठलं की म्हाताऱ्या माणसाच्या छातीत दम्यासारख्याच शिट्ट्या वाजतात. ऑक्सिजन लावता लावता ईसीजी काढ. या वयात, त्यातून मधुमेह असेल तर, हार्ट अटॅकला छातीत कळ येईलच असं नाही. कधी नुसती धापच लागते. मानेची शीर फुगलीय का बघ. आणि सुनेला विचार, कारण हृदयाच्या धापेत आडवं पडवत नाही. ‘उशा किती घेतात?’ हा पुस्तकातला प्रश्न. आपण विचारायचं, ‘रात्री उठून दारात जाऊन बसतात का?’

उत्तर (सिस्टर, मेडिकल वॉर्ड)
डॉक्टर, श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. घाईत पंधरा सेकंद मोजून चौपट केले की हमखास चुकतं. आणि अंथरुणाला खिळलेल्यांची हृदयामुळे आलेली सूज पायांवर दिसेलच असं नाही, ती माकडहाडापाशी उतरते. कुशीवर वळवून तिथे बोट दाबून बघा.

उत्तर (इमर्जन्सी, पुणे)
आमच्या हाताशी सोनोग्राफीचा प्रोब असतो. दोन्ही बाजूंना भरपूर बी-लाइन्स (फुफ्फुसातून खाली उतरणाऱ्या पांढऱ्या रेघा) दिसल्या तर पाण्याकडे कल जातो. एनटी-प्रोबीएनपी (बीएनपीच्याच जातीची तपासणी) ३००च्या आत असेल तर हार्ट फेल्युअर जवळपास बाद. पण पंचाहत्तरीपुढे १८००च्या वर गेल्याशिवाय मी त्यावर भिस्त ठेवत नाही, किडनीचा आजार आणि एएफ (हृदयाचे अनियमित ठोके) यांमुळेही तो आकडा चढतो. एकच कारण शोधत बसू नका. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जुना आजार), हृदय, बिनतापाचा न्यूमोनिया, एकाच म्हातारीत तिन्ही सापडतात. सीओपीडीची शंका असेल तर ऑक्सिजन ८८ ते ९२वर ठेवा.

प्रश्नकर्ती
ईसीजी काढला होता, पण नेब्युलायझरनंतर. ताजा अटॅक नव्हता. आज सुनेला दाराचं विचारलं. पंधरा दिवस आजी चौकटीला टेकूनच झोपत होत्या. ‘आत उकडतंय म्हणायच्या.’ बीपीच्या गोळ्या महिन्यापूर्वीच संपलेल्या, कुणाला बोलल्या नाहीत. उद्या इकोसाठी (हृदयाच्या सोनोग्राफीसाठी) जिल्ह्याला पाठवतेय.