डांबरी सायकल-पादचारी मार्गावर दोन लहान मुलांना नेताना काय काय बघावं?

चाकोरी:
मुलगी साडेचार वर्षांची, बॅलन्स बाइक (बिनपेडलची, पायांनी ढकलायची सायकल) छान चालवते. मुलगा दीड वर्षाचा. सहा किलोमीटरचा सलग डांबरी मार्ग आहे, रुंदी साधारण तीन मीटर. चालणारे, पळणारे, सायकली, कुत्री फिरवणारे सगळे एकत्र. दोन ठिकाणी रस्ता ओलांडावा लागतो. धाकट्यासाठी ट्रेलर (सायकलच्या मागे जोडायची मुलांची गाडी) घ्यावा की स्ट्रोलर? थोरलीला किती अंतर झेपेल? आणि मागून जोरात येणाऱ्या सायकलींचं काय करायचं?

दोनचाकी:
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण खरा धोका तिथेच आहे. मागून घंटी वाजली की लहान मूल वळून बघतं. मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर हँडल, आणि सायकल नेमकी मार्गाच्या मध्यावर जाते, घंटीवाल्याच्या पुढ्यात. म्हणून आधी मोकळ्या जागेत सराव करून घ्या. खडूने दहा मीटरची सरळ रेघ ओढा, तिला त्यावरून चालवू द्या आणि मागून घंटी वाजवा. घंटी म्हणजे 'नजर पुढे, रेघ सोडायची नाही'. सलग दहा वेळा रेघ सुटली नाही, की मार्गावर न्या.

आणखी दोनच शब्द शिकवा. 'थांब' म्हणजे दोन्ही पाय जमिनीवर. 'कडेला' म्हणजे डांबर सोडून गवतावर, सायकलसकट. दमलेली मुलं आहे तिथेच सायकल आडवी टाकतात, आणि वळणापलीकडून येणाऱ्याला ती दिसत नाही.

तुम्ही तिच्या मागे राहा, थोडं मार्गाच्या मध्याकडे सरकून. मागून येणाऱ्याला आधी तुम्ही दिसता आणि तो आपसूक लांबून जातो. रस्ता ओलांडायच्या जागेआधी मात्र शेजारी या, तिला उतरवा आणि सायकल हातात धरून पार करा. सैल सोडलेल्या पट्ट्याचं कुत्रं दिसलं की वेग कमी करायचा; तो पट्टा आडवा ताणला गेला तर मुलाला दिसत नाही.

रानजाई:
सध्या स्ट्रोलरच घ्या, मोठ्या हवेच्या चाकांचा. बॅलन्स बाइकच्या वेगाने ट्रेलर जोडलेली सायकल चालवणं अवघड असतं, तोल राहत नाही. शिवाय थोरली पडली तर स्ट्रोलरचा ब्रेक लावून लगेच तिच्याकडे जाता येतं. पळणार असाल तर पुढचं चाक सरळ लॉक करा आणि मनगटाचा पट्टा नेहमी अडकवा. ऊन लागतं म्हणून स्ट्रोलरवर कापड झाकू नका, आतली हवा कोंडून झपाट्याने तापते. टप पुढे ओढा.

थोरली पेडलवर गेली की ट्रेलर. तो सायकलपेक्षा रुंद असतो, हे पहिले काही दिवस लक्षात राहत नाही. वळताना आतलं चाक काठावर चढलं की ट्रेलर कलंडतो, म्हणून वळण मोठं घ्या. मार्गाच्या तोंडाशी वाहनं अडवायला खांब असतात, तिथे उतरून चाला. मागच्या चाकाच्या धुऱ्याला जोडणी केल्यावर सुरक्षा-पट्टा सायकलच्या सांगाड्याभोवती घ्यायचाच. पुढची जाळी बंद ठेवा, नाहीतर मागच्या चाकाने उडवलेली खडी थेट मुलाच्या तोंडावर येते.

कडेकडेने:
अंतर: जाऊन-येऊन दोन ते तीन किलोमीटर पुरे. 'दमले' म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका, तोवर परतीची ताकद संपलेली असते. तिच्या दमाचा एक तृतीयांश खर्च झाला की वळा. चढ आणि समोरचा वारा जाताना घ्या, म्हणजे परतताना सोपं जातं. सायकल खांद्याला अडकवायला एक पट्टा ठेवा, तो लागतोच.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, आडवं सपाट. पट्ट्यांचा व्ही कानाच्या पाळीखाली मिळायला हवा, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकाच घट्ट. जाड अंबाडा किंवा टोपी आत नको. आणि वाटेत झोपाळा-घसरगुंडी लागली तर हेल्मेट आधी काढा. पट्टा अडकून गळ्याला फास बसू शकतो.

चाकोरी:
फारच उपयोगी. पेडलची सायकल आधाराच्या छोट्या चाकांसकट आणावी का?

दोनचाकी:
नको. मार्गाला पाणी वाहून जायला बाजूचा उतार असतो, त्यावर आधाराची चाकं सायकल तिरकी ठेवतात. झाडाच्या मुळांनी डांबर वरखाली झालंय तिथे खोलगट जागी दोन्ही छोटी चाकं टेकतात, मागचं चाक अधांतरी होतं, आणि पेडल उलटं दाबून लागणारा ब्रेक नेमका मागच्याच चाकावर असतो. ती तोल शिकलेली आहे, त्यामुळे थेट पेडल द्या. सुरुवातीला सीट इतकी खाली की दोन्ही तळपाय सपाट टेकतील. सायकल जड नको, तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.

निघताना दर वेळी टायर दाबून बघा. लहान टायरमध्ये हवाच कमी, म्हणून तो लवकर बसतो. लहान सायकलींची चाकं बहुधा नटांवर असतात, पंपाबरोबर १५ चा पाना ठेवा. बुटाच्या नाड्या आत खोचा, पेडल आलं की त्या साखळीत जातात.

रानजाई:
ओली पानं आणि रंगवलेले पांढरे पट्टे पावसानंतर निसरडे होतात. त्यावर ब्रेक आणि वळण एकदम नको, हेही तिला सांगून ठेवा.